जेडचा बोन्साय करताना तार लावावी की नुसती कात्री पुरे?

पालवी:
माझ्याकडे जेडचं, म्हणजे मांसल पानांच्या त्या शोभेच्या झाडाचं, एक जुनं झाड आहे. बुंधा मनगटाहून जाड झालाय आणि तळाशी त्याला सुरेख फुगवटा आलाय. वर मात्र फांद्या चहूकडे लांबल्यात आणि पानांच्या भाराने खाली झुकल्यात. मला याचा बोन्साय करायचा आहे. पण बोन्सायबद्दल जे काही वाचायला मिळतं ते बहुतेक पाइन, ज्युनिपर नाहीतर मेपल यांना धरून लिहिलेलं असतं: तार गुंडाळा, मुळं छाटा, उथळ कुंडीत बसवा, लगेच भरपूर पाणी घाला. जेडला हे असंच चालतं का? याची फांदी जरा जोरात वाकवली की कट्कन मोडते, त्यामुळे तार लावायला हात धजत नाही. पानं अंगठ्याच्या पेराएवढी आहेत, ती बारीक होतील का? आणि छाटणी व कुंडी बदलणं एकदमच उरकून टाकू का?

तारकाम:
तार लावता येते. तांब्याची नको, ॲल्युमिनियमची घ्या, ती मऊ असते. आधी काही दिवस पाणी तोडा. पानं किंचित सुरकुतली की फांद्याही लवचीक होतात, तेव्हा वाकवा. साल मऊ असल्यामुळे तार फार लवकर रुतते, म्हणून रोज नजर ठेवा आणि वळ दिसायच्या आत काढा.

खुरपे:
पालवीताई, तारकाम म्हणतात ते खरं आहे, तरीही मी तुम्हाला तार बाजूला ठेवायला सांगेन. जेडचा आकार कात्रीने घडतो, आणि त्याची सगळी सोय झाडानेच करून ठेवलेली आहे.

एक फांदी जवळून बघा. पानं जोडीजोडीने, समोरासमोर येतात. एक जोडी डावी-उजवीकडे असेल तर तिच्या वरची पुढे-मागे, त्यावरची पुन्हा डावी-उजवीकडे. प्रत्येक पानाच्या बगलेत एक डोळा, म्हणजे न फुटलेला कोंब, झोपलेला असतो. कुठल्याही जोडीच्या जरा वर कापलं की बहुधा त्या जोडीचे दोन्ही डोळे जागे होतात आणि दोन धुमारे फुटतात. म्हणजे कुठल्या जोडीवर कापायचं हे तुम्ही ठरवलंत की पुढच्या फांद्या कुठल्या दिशेला जाणार हेही ठरलं! आडव्या फांदीवर डावी-उजवी जोडी राखली तर फांदी पंख्यासारखी पसरते. वर-खाली जोडीवर कापलं तर एक धुमारा आभाळाकडे जातो आणि दुसरा मातीकडे, आणि दोन्हींचा काही उपयोग नसतो. नको असलेला डोळा कोवळा असतानाच बोटाने खुडून टाका, नंतर कात्री लावायची वेळच येत नाही.

कापलं की थांबायचं. नवा धुमारा मुक्त वाढू द्यायचा, त्याची बुडाकडची पेरं जाड झाली की पुन्हा एक-दोन पेरं ठेवून कापायचा. असं करत गेलं की प्रत्येक टप्पा आधीच्यापेक्षा बारीक होतो आणि फांदीला खऱ्या वृक्षाचा उतार येतो. दक्षिण चीनमधल्या ग्वांगडोंगच्या लिंगनान परंपरेत इतर झाडंही याच पद्धतीने घडवतात: वाढवा आणि कापा. तिथल्या झाडांच्या फांद्यांना जे कोनदार वळण असतं ते कात्रीचंच. तारेने वाकवलेली जेडची फांदी मला नेहमी परकी वाटते. कापून वळवलेली फांदी मात्र तिथेच जन्मल्यासारखी दिसते.

आता पानांचं. अंगठ्याच्या पेराएवढी आणि मांसल पानं म्हणजे तुमचं झाड क्रासुला ओव्हाटा, नेहमीचा जेड, असणार. कडक ऊन आणि जरा ओढून दिलेलं पाणी यांनी पानं थोडी आखूड होतात, कडांना लाली येते, पण ती नखाएवढी कधीच होणार नाहीत. मग झाडाची उंची पानांना साजेशी ठेवा. वीतभर उंचीचा हट्ट धरू नका, हात-दीड हात राहू द्या. फांद्या मोजक्या, जाड आणि आखूड असू देत. फुगीर बुंध्याचा जेड डोळ्यांसमोर आणायचा तर गोरखचिंच आठवा: धिप्पाड खोड आणि वर एकदम आटोपलेला माथा. या झाडाला पाइनचा आकार देण्यात काही अर्थ नाही.

ज्यांना बारीक पानांचंच झाड हवं त्यांनी पोर्टुलाकेरिया आफ्रा घ्यावं. त्यालाही पुष्कळ जण जेडच म्हणतात, पण दोन्हींची कुळं वेगळी आहेत. याची पानं सेंटीमीटर-दोन सेंटीमीटरची आणि कोवळ्या फांद्या लालसर तपकिरी असतात. मूळचं हे दक्षिण आफ्रिकेचं. तिथे हत्ती ते वरून खातात, त्यामुळे खालच्या फांद्या जमिनीवर पसरतात, टेकतात आणि तिथेच मुळं धरतात. शेळ्या खालून खातात, त्यांनी ती झालरच जाते आणि झाड खंगतं. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण शेंडा खुडला की रुंदावायचं ही शिकवण त्या झाडाला हत्तींनी दिलेली आहे, आपण फक्त ती पुढे चालवायची. फ्लोरिडात जिम स्मिथ या बोन्सायकारांनी पोर्टुलाकेरियाचे मोठाले बोन्साय घडवले. फोर्ट पिअर्सच्या हीथकोट बोटॅनिकल गार्डनमध्ये त्यांच्या झाडांचा संग्रह आहे. त्यांची छायाचित्रं मिळाली तर जरूर बघा, रसाळ झाडाला वृक्षाचा भारदस्तपणा येत नाही हा समज तिथल्या तिथे गळून पडेल.

छाटणी आणि कुंडी एकदम मात्र करू नका. आधी छाटा. पानं कमी झाली की झाड पाणीही कमी ओढतं, म्हणून छाटल्यावर पाण्याचा हात आखडता घ्या. नवी पालवी जोमाने आली की मुळं ठणठणीत आहेत हे कळतं, मग कुंडी बदला.

पालवी:
खुरपे, पानांच्या जोडीचं हे इतक्या वर्षांत माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आत्ताच झाडापाशी जाऊन आले, अगदी तसंच आहे! दोन शंका उरल्यात. कापलेल्या जागी मलम लावू का? आणि कुंडी बदलल्यावर लगेच पाणी द्यायचं नाही असं कुणी कुणी सांगतं, ते का?

खुरपे:
मलम नको, त्याखाली ओल कोंडते आणि खोड कुजतं. जोडीच्या अगदी लगत न कापता वर थोडा खुंट ठेवा. तो आपोआप वाळत वाळत जोडीपर्यंत येतो आणि हलक्या हाताने गळून पडतो. ओला असताना ओढू नका. जाड फांदी कोरड्या हवेत, कोरड्या मातीत कापा. आणि कापलेली टाकून देऊ नका. आठवडाभर सावलीत ठेवली की चिरेवर कोरडा पापुद्रा धरतो, मग ती लावली की मुळं धरते.

पाण्याचं कारण असं. पाइन-मेपलची मुळं छाटल्यावर ती झाडं दिवसभर पानांतून पाणी गमावत राहतात, म्हणून त्यांना लगेच पाणी लागतं. जेडच्या पानांची रंध्रं, म्हणजे श्वास घेण्याची बारीक छिद्रं, मुख्यतः रात्री उघडतात. पानात साठा असतो आणि दिवसा तो फारसा खर्च होत नाही. त्यामुळे आठवडाभर पाण्यावाचून त्याचं काहीच अडत नाही. उलट मुळांच्या ताज्या जखमांना ओल लागली की बुरशी आत शिरते. मुळं छाटा, दोन-तीन दिवस सावलीत उघडी सुकवा, कोरड्या मिश्रणात लावा आणि आठवड्याने पहिलं पाणी द्या. तोवर पानं थोडी सुरकुततील. ते पाहून पाण्याची झारी उचलू नका.

मिश्रणात मात्र तडजोड करू नका. कुंडी उथळ म्हणजे ती लवकर सुकणार असं वाटतं, पण गोष्ट उलटी आहे. पाणी निथळून गेल्यावरही तळाशी चिंब मातीचा एक थर उरतो. त्याची जाडी कणांच्या आकारावर अवलंबून असते, कुंडीच्या खोलीवर नाही. खोल कुंडीत तो थर मुळांच्या बराच खाली राहतो, उथळ कुंडीत मुळं त्यातच बसतात. म्हणून कण भरड हवेत. प्युमिस (ज्वालामुखीचा हलका, सच्छिद्र दगड), लाव्हाची खडी किंवा परलाइट (भाजून फुलवलेले पांढरे, हलके खनिज कण), साधारण 3 ते 6 मिलिमीटरचे. धूळ चाळून काढा, कारण भरड खडीत धूळ राहिली तर ती पोकळ्या भरते आणि सगळी मेहनत वाया जाते. कुजलेलं खत चौथाईपेक्षा जास्त नको.

मातीचे हात:
अडेनियम, म्हणजे फुगीर बुंध्याचं ते फुलझाड, लावणाऱ्यांसाठी एक भर. पानांच्या जोडीचा हिशेब त्याला लागू नाही, तिथे पानं समोरासमोर नसून फिरत्या क्रमाने येतात. छाटणी करताना चीक डोळ्यांत जाणार नाही याची काळजी घ्या, तो विषारी आहे. मुळं सुकवून लावायची पद्धत मात्र तीच.

तारकाम:
खुरपे, जोडीचा मुद्दा मान्य. जी जाड फांदी कापून चालणार नाही, फक्त थोडी खाली आणायची आहे, तिच्यासाठी मी तार गुंडाळत नाही. रुंद कापडी पट्टी फांदीवर घालून दोरीने कुंडीच्या काठाला ताणून बांधतो आणि दर आठवड्याला किंचित ओढतो. साल रुतत नाही.

खुरपे:
हे उत्तम. पालवीताई, तुमच्या झुकलेल्या फांद्यांना कदाचित याचीही गरज पडणार नाही, कारण टोकाचा भार कापला की त्या स्वतःच थोड्या वर येतात. म्हणून आधी सगळ्या फांद्या निम्म्यावर आणा आणि झाड आठवडाभर तसंच राहू द्या. मग कुठली फांदी ठेवायची आणि कुठली काढायची ते ठरवा. एकाच उंचीवरून दोन जाड फांद्या समोरासमोर निघत असतील तर त्यांतली एक काढाच, नाहीतर तिथे खोडाला गाठ येते आणि ती नंतर कशानेही लपत नाही. समोरून आणि बाजूने असे दोन फोटो टाकलेत तर पहिला काप कुठे घ्यायचा ते आपण मिळून बघू.