मदत हवी आहे: बोटिंगच्या सुरक्षेसाठी सरकारी अनुदान मिळतं का?

नमस्कार मंडळी,

आमचा पुण्यातला कयाकिंगचा छोटा गट आहे. रविवारी पानशेतच्या बॅकवॉटरला जातो. दोन वर्षांपूर्वी धर्मादाय आयुक्तांकडे ट्रस्ट नोंदवला. बोटी पदरमोड करून घेतल्या, त्याचं काही नाही. गाडं अडलंय लाइफ जॅकेटांपाशी.

पावसाळ्यानंतर सगळी बाहेर काढली. वरून नारंगी, टकाटक. एक दाबून पाहिलं तर आतला फोम पापडासारखा वाजला आणि पडलेला खळगा भरूनच येईना. दोन विटा बांधून पाण्यात सोडलं. चांगलं जॅकेट तेवढं वजन सहज तोलतं, हे सरळ तळाला गेलं. 22 पैकी 9 बाद! लहान मुलांच्या मापाचं तर एकही नाही. मोठ्यांचं घातलं की मूल खाली सरकतं आणि जॅकेट कानांच्या वर.

शिवाय काठच्या गावांतली पोरं होड्या चालवतात, त्यांना बचावाचं प्रशिक्षण द्यायचंय. मे 2024 मध्ये उजनीत कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळात उलटून सहा जण गेले, तेव्हापासून हे डोक्यातून जात नाही.

भाची अमेरिकेत असते. तिकडे मोटरबोटींच्या इंधनावरचा आणि मासेमारीच्या सामानावरचा कर एका ट्रस्ट फंडात जातो. त्यातून कोस्ट गार्ड राज्यांना बोटिंग सुरक्षेसाठी अनुदान देतं, राज्यालाही आपला वाटा घालावा लागतो. पाण्यावर मजा करणाऱ्यांचाच पैसा त्यांच्या जिवासाठी! मला हे फार पटलं.

इथे तीन कार्यालयं फिरलो. पहिल्याने दुसऱ्याकडे धाडलं, दुसऱ्याने तिसऱ्याकडे, तिसऱ्याने पुन्हा पहिल्याकडे. जिल्हा नियोजन समितीकडे अर्ज करता येतो का? की सीएसआर, म्हणजे कंपन्यांचा समाजकार्याचा निधीच गाठावा? जाणकारांनी कृपया सांगा.

काठावरचा: नियोजन समितीचा पैसा सहसा सरकारी यंत्रणेमार्फतच खर्च होतो, ट्रस्टच्या हातात पडत नाही. प्रस्ताव ग्रामपंचायतीच्या नावाने जाऊ द्या, तुम्ही प्रशिक्षण द्या. ठरावाशिवाय मात्र हलू नका.

आकडेमोडे: सीएसआरमध्ये आपत्ती व्यवस्थापन बसतं, त्या अंगाने मांडा. ट्रस्टला आयकर खात्याची 12ए आणि 80जी नोंदणी आणि हा निधी घेण्यासाठीची सीएसआर-1 नोंदणी लागेल. पण अशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव मागतात. तुमची दोनच झालीत ना? मग तूर्त एखाद्या जुन्या संस्थेला पुढे करा.

धागाकर्ता: दोघांचेही आभार. तीन वर्षांची अट ठाऊकच नव्हती, फुकट हेलपाटा वाचला. उद्याच ग्रामसेवकांना भेटतो. ती 9 जॅकेटं भंगारात देऊ ना?

काठावरचा: अजिबात नको! आधी पट्टे कापा, फोम फाडा. नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात तीच धुऊनपुसून दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात दिसतील.