४८६ मशीन, फुटलेली बॅटरी, श्री-लिपीचं डोंगल: जुनी पानं बाहेर कशी काढायची?

परभणी_अक्षरजुळणी

नमस्कार. छापखान्यातलं जुनं मशीन आहे: ४८६ डीएक्स२-६६, ८ एमबी रॅम, एएमआय बायोस, एटी कॅबिनेट. त्यावर डॉस ६.२२, विंडोज ३.११, पानं मांडायचं पेजमेकर ५ आणि मराठी अक्षरजुळणीचं श्री-लिपी. श्री-लिपीचं डोंगल (ज्याच्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही ती छोटी डबी) प्रिंटर पोर्टला लागतं, ते जपून ठेवलेलं आहे. हार्ड डिस्क ५४० एमबीची, लेबलवर १०४८ सिलिंडर, १६ हेड, ६३ सेक्टर असं छापलंय. १९९५ ते ९९ चे दिवाळी अंक, साप्ताहिकाची पानं आणि दोन शाळांच्या स्मरणिका त्यात आहेत. छापील प्रती सगळ्यांच्या उरलेल्या नाहीत, म्हणून ही पानं मिळायलाच हवीत.

सध्याची अवस्था: मदरबोर्डावरची निळी नळकांडी बॅटरी फुटून भोवती हिरवा-पांढरा थर आलाय. चालू केलं की स्क्रीन कोरी आणि स्पीकरमधून सहा बीप वाजायलेत. डिस्क फिरल्याचा आवाज येतो. डिस्क काढून यूएसबीच्या जोडणीने लॅपटॉपला लावली तर लॅपटॉप ओळखत नाही.

विचारायचं असं: बोर्ड दुरुस्त करावा का दुसरा शोधावा? डिस्क गेली समजायची का? डोंगलशिवाय भागेल का? आणि इकडे मराठवाड्यात सुटे भाग कुठून आणायचे?

गोदाकाठ

दादा, आधी एक करा. ते मशीन पुन्हा चालू करू नका. सर्वात मोलाची वस्तू डिस्क आहे. बोर्ड दुसरा मिळेल, पानं मिळणार नाहीत. म्हणून डिस्कची पूर्ण प्रत आधी, दुरुस्ती नंतर.

लॅपटॉपने ओळखली नाही म्हणजे डिस्क गेली असं बिलकूल नाही. यूएसबीवाल्या बहुतेक जोडण्यांना एलबीए पद्धत (सेक्टरांना सलग क्रमांक देणारी) लागते. ५०० एमबीच्या आसपासच्या डिस्क त्या बदलाच्या उंबरठ्यावरच्या. काहींना फक्त सिलिंडर-हेड-सेक्टरची भाषा कळते आणि जोडणी तिथेच अडते. मागचा जंपर मास्टरवर आहे का तेवढं एकदा बघा, स्लेव्हवर असेल तरी काही जोडण्या गप्प बसतात.

भरवशाचा रस्ता म्हणजे पेंटियम ४ च्या काळातला बोर्ड, ज्यावर ४० पिनांचं खरं आयडीई (जुन्या डिस्क जोडायचं) पोर्ट आहे. असे डबे कुठल्याही सायबर कॅफेच्या माळ्यावर किंवा भंगारात अजून सापडतात. त्यावर सीडीवरून लिनक्स सुरू करा. लिनक्सला जुनी सिलिंडरवाली डिस्कही वाचता येते. विंडोज त्या डिस्कजवळ फिरकू देऊ नका, ते न विचारता डिस्कवर काहीबाही लिहून ठेवतं.

मग डीडीरेस्क्यू, डिस्कची जशीच्या तशी प्रत काढणारा प्रोग्रॅम. पहिली फेरी 'एन' पर्याय लावून, म्हणजे खराब जागेवर घासत न बसता जेवढं सहज वाचता येतं तेवढं आधी उचलतो. दुसऱ्या फेरीला 'डी' आणि 'आर ३', म्हणजे राहिलेल्या जागांवर तीन-तीन प्रयत्न. दोन्ही वेळा नकाशा-फाईल (काय वाचलं, काय राहिलं याची नोंद) तीच द्या, नाहीतर दुसरी फेरी पहिल्यापासून सुरू होते. चांगली डिस्क असेल तर १० मिनिटांत काम होतं. अर्धा तास उलटला आणि टकटक आवाज येत असेल तर थांबवा, डिस्क गार होऊ द्या. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये हे काम सकाळी सातच्या आत, डिस्कवर टेबल फॅन लावून करावं. दुपारी ४२ अंशांत तीस वर्षांची डिस्क तापवण्यात शहाणपण नाही.

डिस्क फिरलीच नाही तर हातात सपाट धरून मनगटाने तबकडीच्या पातळीत झटकन अर्धा फेरा द्या, लगेच वीज द्या. हेड तबकडीला चिकटलेलं असतं, ते सुटतं. आपटायचं नाही. उघडायची तर मुळीच नाही.

प्रत मिळाली की तिच्या दोन नकला दोन वेगवेगळ्या जागी ठेवा. मूळ डिस्क पिशवीत घालून कपाटात. तिचं काम संपलं.

सोल्डर_लातूर

डिस्कचं वरच्यांनी सांगितलं, मी बोर्डाचं बोलतो.

एएमआय बायोसवर सहा बीप म्हणजे कीबोर्ड कंट्रोलर, ८०४२ नावाची ४० पायांची चिप, तिच्या ए२० गेटची (१ एमबीच्या वरच्या मेमरीची वाट उघडणाऱ्या रेषेची) चाचणी नापास. स्क्रीनची पाळी त्यानंतर येते, म्हणून डिस्प्ले कार्ड चांगलं असलं तरी स्क्रीन कोरी राहते. आणि या बोर्डांवर बॅटरी कुठं असते? कीबोर्डच्या गोल सॉकेटला खेटून. फुटलेल्या बॅटरीचं पाणी नेमकं या चिपखाली जातं. तुमचा बोर्ड मेलेला वाटत नाही, दोन-चार रेषा खाल्लेल्या असणार.

बॅटरी आधी कापून काढा, पायांशी पक्कडने. आतलं पाणी पोटॅशियम हायड्रॉक्साइड, अल्कली आहे. म्हणून आधी आम्ल लागतं: किराणा दुकानातलं पांढरं व्हिनेगर. कापसाच्या काडीने लावा, बुडबुडे येतील, ते थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा लावा. मग डिस्टिल्ड वॉटरने (इन्व्हर्टरच्या बॅटरीचं चालेल) जुना टूथब्रश घेऊन धुवा, शेवटी ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल. पंख्याखाली २४ तास. सॅनिटायझर वापरू नका, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. आणि नुसतं अल्कोहोल फिरवून भागत नाही. त्याने दिसायला स्वच्छ होतं, अल्कली तशीच राहते आणि दोन महिन्यांनी पुन्हा हिरवं येतं.

८०४२ सॉकेटमध्ये असेल तर चिप उचला, सॉकेटची पातं हिरवी झाली असतील तर सॉकेटच बदला. मग मल्टिमीटरने तपासा, रेषा तुटली का ते बीपवर आणि व्होल्ट व्होल्टच्या खुणेवर:

पाय ४० ला ५ व्होल्ट, पाय २० ग्राउंड. पाय २२ ही ए२० ची रेषा, ती चिपसेटकडे जाते आणि सहा बीपच्या वेळी मी तिलाच आधी धरतो. पाय १ आणि ३९ साधारणपणे कीबोर्डच्या क्लॉक आणि डेटाकडे जातात, वाटेत छोटे फेराइट मणी असतात, तेही गंजून तुटतात. कीबोर्ड सॉकेटच्या पिन ५ ला ५ व्होल्ट आलेच पाहिजेत. नसतील तर जवळचा बारका फ्यूज गेलाय.

तुटलेली रेषा दिसली की वरचा हिरवा लेप ब्लेडने हळू खरवडा, तांबं चकचकीत झाल्याशिवाय सोल्डर धरत नाही. फ्लक्स, ६०/४० सोल्डर आणि ३० नंबरची बारीक वायर. काळं पडलेल्या तांब्यावर लोक सोल्डरिंग आयर्न दाबत बसतात आणि पट्टीच उखडते.

नवी बॅटरी बोर्डावर लावू नका. बाजूला चार पिनांचा बाहेरच्या बॅटरीचा हेडर असतो. त्याची धन बाजू बोर्डाच्या पुस्तिकेवरून ठरवा, ऋण बाजू मीटरने ग्राउंडशी जुळवून बघा. शेजारचा जंपर 'बाहेरची'वर सरकवा, तीन पेन्सिल सेल होल्डरमध्ये घाला आणि होल्डर कॅबिनेटला चिकटवा, बोर्डापासून लांब. नाण्यासारखा सीआर२०३२ लावायचा मोह होतो, पण जुन्या बॅटरीच्या जागी थेट लावला तर बोर्ड त्याला चार्ज करायला जातो आणि सेल फुगतो. लावायचाच तर मध्ये १एन४१४८ डायोड.

आता वीज. सगळं जोडण्याआधी पॉवर सप्लाय वेगळा तपासा. ५ व्होल्टवर थोडा भार लागतोच, ५ ओहम १० वॉटचा रेझिस्टर लावा, तापतो तो, हात लावू नका. पहिल्यांदा १०० वॉटच्या बल्बच्या सिरीज बोर्डवरून चालू करा. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, भडक राहिला तर आत शॉर्ट आहे. मग थेट विजेवर ४.७५ ते ५.२५ आणि ११.४ ते १२.६ यांच्या आत मोजमाप यायला हवं. एटी कॅबिनेटच्या पुढच्या स्विचपर्यंत २३० व्होल्ट थेट आलेले असतात, नव्या मशीनसारखं नाही. त्या चार वायरींवरचं कव्हर तडकलेलं असेल तर आधी ते. अर्थिंग नसलेल्या विजेच्या बोर्डवर हे काम करूच नका.

बोर्डाला जाणारे दोन जोड लावताना काळ्या वायरी मध्ये शेजारी-शेजारी. उलटं लावलं तर बोर्ड तिथंच संपतो.

जालना_८६

एवढा व्याप काहून? दुसरा ४८६ बोर्ड ऑनलाइन मिळतो.

सोल्डर_लातूर

मिळतो भाऊ, पण त्यावरही तीच नळकांडी बॅटरी असते. विकणारा वरून फोटो काढतो, चिपखालचं दिसत नाही. शिवाय कॅशे आणि जंपर नव्याने लावणं आलं. हातातल्या बोर्डाचा दोष नेमका कळलेला आहे, तो सोडून अनोळखी बोर्ड कशाला?

सुट्या भागांचं: ३० नंबरची वायर, सॉकेट, होल्डर, डायोड हे परभणी-नांदेडकरांना हैदराबादच्या कोटीत, गुजराती गल्लीत मिळतं. सिकंदराबादला थेट रेल्वे आहे. संभाजीनगरकडच्यांना पुण्याची बुधवार पेठ, पासोड्या विठोबाजवळ. मुंबईला लॅमिंग्टन रोड. पण जुन्या रॅमच्या पट्ट्या, आयडीई केबल, डीआयएन कीबोर्ड यासाठी गावातलं भंगार आधी बघा. बोर्डाच्या जंपरचा नकाशा 'द रेट्रो वेब' या संकेतस्थळावर बोर्डावरच्या छापील क्रमांकावरून शोधा. तो क्रमांक बहुतेक वेळा स्लॉटांच्या मध्ये असतो.

परभणी_अक्षरजुळणी

सगळ्यांचे आभार. डिस्कची प्रत पूर्ण निघाली, फक्त ३ सेक्टर वाचता आले नाहीत. बोर्डावर पाय २२ ची रेषा तुटलेली निघाली आणि एक मणी गेलेला. वायर टाकली, बीप बंद, स्क्रीन आली. आता 'सीमॉस चेकसम' (बायोसच्या साठवलेल्या सेटिंगची) चूक दाखवून सेटअप मागायलंय. जुनी डिस्क परत लावू का? आणि पानं पीडीएफ कशी करायची?

गोदाकाठ

जुनी डिस्क लावू नका. कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड आणि ४० पिनांचं साधं अडॅप्टर घ्या. ते कार्ड मुळात आयडीईच बोलतं, मध्ये चिप लागत नाही. १ किंवा २ जीबीचं कार्ड, प्रत जशीच्या तशी त्यावर उतरवा.

सेटअपमध्ये डिस्क प्रकार ४७ निवडून आकडे हाताने भरायचे, पण इथे एक गोम आहे. लेबलवर १०४८ सिलिंडर असले तरी त्या काळच्या बायोसला १०२४ च्या पुढे जाता येत नाही. तेव्हा भरणाऱ्याने नुसतं १०२४/१६/६३ ठेवलं असेल, किंवा 'लार्ज' निवडलं असेल, तेव्हा बायोस ५२४ सिलिंडर, ३२ हेड असं भाषांतर करतो. चुकीचं निवडलं तर 'मिसिंग ऑपरेटिंग सिस्टिम' येतं आणि लोक घाबरून फॉरमॅट करतात. अंदाज कशाला, प्रतीतच उत्तर आहे: पहिल्या सेक्टरमधला शून्यापासून मोजून ४५१ वा बाइट बघा. तिथे पहिल्या विभागाचं शेवटचं हेड लिहिलेलं असतं. १५ असेल तर 'नॉर्मल', ३१ असेल तर 'लार्ज'.

डोंगल लागणारच. यूएसबी-टू-प्रिंटर केबलवर ते चालत नाही, ती केबल फक्त प्रिंटरपुरती असते, डोंगलला पोर्टच्या रेषा थेट हलवाव्या लागतात. म्हणून पोर्ट ३७८ या पत्त्यावर आणि साध्या एसपीपी पद्धतीवर ठेवा. डोंगलच्या पिना अल्कोहोलने पुसा.

पानांसाठी विंडोजमध्ये पोस्टस्क्रिप्ट (पानाचं वर्णन करणारी छपाईची भाषा) प्रिंटर बसवा, प्रिंटर प्रत्यक्षात नसला तरी चालतो. पेजमेकरच्या छपाईच्या चौकटीत तो निवडून पोस्टस्क्रिप्ट फाईलमध्ये लिहायचा पर्याय घ्या आणि फॉन्ट सोबत घालायची खूण करा. ती खूण राहिली तर दुसऱ्या मशीनवर मराठीच्या जागी इंग्रजी चिन्हांची रांग दिसते. एक अंक, एक फाईल. चित्रं मूळ ठिकाणी नसतील तर पेजमेकर विचारेल, तिथे 'दुर्लक्ष करा' म्हटलं तर अंधुक चित्र छापलं जातं. कार्ड बंद मशीनमधूनच काढा, रीडरने नव्या संगणकावर घ्या आणि घोस्टस्क्रिप्ट या प्रोग्रॅमने पीडीएफ करा. पान हुबेहूब येतं.

कळफलक_नांदेड

पीडीएफ झाली तरी त्यात शोधता येणार नाही, कारण आतला मजकूर युनिकोड (आजचा सर्वमान्य अक्षर-संकेत) नाही. श्री-लिपीच्या फॉन्टमध्ये अक्षराचे तुकडे क्रमांकावर बसवलेले असतात, आणि ते डोळ्याला दिसतात त्या क्रमाने. 'कार्तिकी' घ्या: जुन्या फाईलमध्ये क, काना, पहिली वेलांटी, त, त्यावर रफार, मग क आणि दुसरी वेलांटी. युनिकोडमध्ये रफाराचा र त च्या आधी आणि पहिली वेलांटी त च्या नंतर. जुन्या फॉन्टचं युनिकोड करणारा परिवर्तक बहुतेक अक्षरं बरोबर बदलतो, पण रफार आणि पहिली वेलांटी एकाच अक्षरावर आली की घसरतो. तेव्हा मजकूर पेजमेकरमधून टेक्स्ट म्हणून वेगळा काढा, बदला, आणि 'वार्षिक', 'आर्थिक', 'निर्मिती', 'कार्तिकी' असे शब्द शोधून पहिल्यांदा तेच तपासा. कुठल्या लेखाला कुठला फॉन्ट होता ते लिहून ठेवा, सगळ्या फॉन्टमाला एकाच तक्त्यावर चालतात असं धरून चालू नका.

कुणाकडे सी-डॅकच्या जिस्ट या भारतीय लिप्यांच्या कार्डवर डॉसमध्ये टाईप केलेल्या फाईली असतील तर त्यांचं सोपं आहे. तो मजकूर इस्की संकेतात असतो, क्रम उच्चाराचाच, आणि आयसीयू या युनिकोड साधनसंचातल्या 'यूकॉन्व्ह'ने थेट युनिकोड होतो.

परभणी_अक्षरजुळणी

४५१ वा बाइट १५ निघाला. 'नॉर्मल' ठेवून १०२४ भरले, विंडोज उघडलं, डोंगल ओळखलं. १९९६ चा दिवाळी अंक पोस्टस्क्रिप्टमध्ये लिहायला लावलाय. १२८ पानं आहेत, वेळ लागेल.