लिंबाच्या अळ्यांवर फवारणी नको
लिंबाच्या रोपावरच्या अळ्यांसाठी कुठलं औषध मारावं, असं इथे एकाने विचारलंय. कळकळीची विनंती, काहीच मारू नका! पानावर पक्ष्याची शीट पडल्यासारखं दिसतंय ना, ती बहुतेक लिंबावरच्या फुलपाखराची लहान अळी आहे. काळपट अंगावर पांढरा पट्टा असल्यामुळे पक्षी फसतात. चार वेळा कात टाकली की तीच अळी हिरवीगार होते आणि पानांत शोधून सापडत नाही. तिला धक्का लागला तर डोक्यामागून दोन फाट्यांचं मऊ शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. मुंग्यांना हाकलायला तेवढं पुरतं. मला तर हे कितीही वेळा पाहिलं तरी नवल वाटतं.

पुढे ती काडीला चिकटून, कमरेभोवती रेशमाचा एक धागा बांधून कोश करते. प्रत्येक कोशातून फुलपाखरूच निघेल असं मात्र नाही. कधीकधी कोशाला बारीक भोक पडतं आणि त्यातून चिमुकल्या परजीवी गांधीलमाश्या बाहेर येतात. वाईट वाटतं खरं, पण अळ्यांची संख्या आटोक्यात राहते ती अशांमुळेही.

झाड मोठं असेल तर खाल्लेली पानं पुन्हा फुटतात. रोप अगदीच लहान असेल तर काही अळ्या पानासकट उचलून मोठ्या लिंबावर किंवा कढीपत्त्यावर ठेवा, तोही त्यांना चालतो.