मदत हवी आहे: कल्याण-ठाणे भागात ब्युप्रेनॉर्फिन (हेरॉईनसारख्या नशेवर जिभेखाली ठेवायची गोळी) देणारं सरकारी केंद्र

२६ वर्षांच्या एका मुलासाठी विचारतोय. गर्द (हेरॉईन) ओढतो, सुई घेत नाही. नॅकोची (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्था) ओएसटी केंद्रं (नशेच्या जागी असं औषध देणारी) मुळात सुईने नशा करणाऱ्यांसाठी. मग त्याला कुठे घेतील? सरकारी रुग्णालयात एटीएफ (व्यसन उपचार केंद्र) चालू आहे का? १४४४६ या सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर फोन करतोच आहोत, पण प्रत्यक्ष जाणाऱ्यांनी सांगा: जिभेखालची गोळी रोज समोरच देतात की काही दिवसांची घरी? रविवारी खिडकी उघडी असते? पहिली गोळी शेवटच्या गर्दनंतर किमान १२ तासांनी, टर्की (जांभया, नाक गळणं, अंगदुखी) सुरू झाल्यावरच घ्यायची, नाहीतर त्रास एकदम उसळतो, हे माहीत आहे. नुसतं कोंडून ठेवणारी केंद्रं कृपया सुचवू नका. बाहेर आल्यावर शरीराची सवय मोडलेली असते आणि जुनाच डोस जिवावर बेततो.