मदत हवी आहे : २०व्या मेन रेजिमेंटमध्ये बदलून आलेले सैनिक

अमेरिकी यादवी युद्धातल्या २०व्या मेन (मेन हे अमेरिकेतलं राज्य) स्वयंसेवक पायदळावर टिपण लिहितोय. २ जुलै १८६३ला गेटिसबर्गच्या लिटल राउंड टॉप टेकडीवरून संगिनी रोखून खाली धावलेली तीच ही रेजिमेंट. ती लढाई नकोय, त्यावर ढीगभर वाचलंय! अडलोय त्याआधीच्या मे महिन्यात. २ऱ्या मेन रेजिमेंटची दोन वर्षांची मुदत संपली, बाकीचे घरी गेले. तीन वर्षांच्या करारावर सह्या केलेले सुमारे १२० जण मात्र बिथरले आणि पहाऱ्यात २०व्या मेनचा प्रमुख चेंबरलेन याच्याकडे धाडले गेले. मेनच्या ॲडज्युटंट जनरलचे (राज्याचा लष्करी कारभार पाहणारा अधिकारी) छापील अहवाल चाळून झालेत. अमेरिकेला जाणं शक्य नाही, ऑनलाइनच शोधायचंय. यातल्या एकेकाची दोन्ही रेजिमेंटमधली सेवा सलग जुळवायला कोणती कागदपत्रं पाहू?