वेताळाची जुनी मुखपृष्ठं: चित्रकार कोण, आणि जपायची कशी?

साखळीचा भाचा
मामांच्या घराची कौलं परतायला काढली, म्हणून माळा रिकामा केला. त्यात इंद्रजाल कॉमिक्सचा गठ्ठा मिळाला. जवळजवळ सगळे वेताळाचे, म्हणजे फँटमचे, मराठी अंक. गोष्टी वाचायला बसलो आणि चित्रांतच अडकलो. मुखपृष्ठं रंगवलेली आहेत, कुंचल्याचे फटकारे दिसतात. आत मात्र काळी रेघ आणि सपाट रंग. त्यातही एका अंकातला वेताळ साधा, मोजक्या रेघांचा; दुसऱ्यातला भरदार, अंगावर सावल्या असलेला. हे एकाच माणसाचं काम नसावं ना? शिवाय एक मुखपृष्ठ फ्रेम करून बल्कांवात, म्हणजे घरापुढच्या उघड्या ओसरीत, लावायचं मनात आहे. मामा म्हणतात, आधी लॅमिनेट करून घे. करू का?

बोरू, फोंडा
बरोबर ओळखलंत, हात वेगवेगळे आहेत. इंद्रजाल मार्च १९६४ मध्ये सुरू झालं. सुरुवातीच्या अंकांची मुखपृष्ठं बी. गोविंद यांनी रंगवली. आतली चित्रं अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत येणाऱ्या चित्रपट्ट्यांची. लिहायचे ली फॉक. १७ फेब्रुवारी १९३६ ला पट्टी सुरू झाली तेव्हा चित्रं रे मूर काढायचे, मग विल्सन मॅकॉय आले आणि १९६१ पासून सी बॅरी. तुमचा साधा वेताळ मॅकॉयचा असणार, भरदार बॅरींचा.

मी शाळेत चित्रकला शिकवायचो तेव्हा शाई आणि ब्रशचा धडा बॅरींवरूनच द्यायचो. वेताळाच्या मुखवट्यात बुबुळं नाहीत, नुसत्या पांढऱ्या फटी. म्हणजे डोळ्यांतून काही दाखवायची सोयच नाही. मग राग, दमणूक, दया आणायची कुठून? बॅरी ती जबड्याखालच्या सावलीतून आणि खांद्यांच्या कलातून आणतात. एखाद्या चौकटीत त्याचा चेहरा अंगठ्याने झाकून बघा. तो नुसता ऐकतोय की आता झेप घेणार, हे उभं राहण्यावरूनच कळतं. जंगलही असंच निरखा. पुढची पानं पूर्ण काळी, मधली रेघांची, मागे नुसता फिका आकार. एवढ्यावर रान खोल होतं, पान न् पान काढत बसावं लागत नाही.

आणखी एक. पट्टी आडवी, अंकाचं पान उभं, त्यामुळे चौकटी कापून नव्याने बसवल्या आहेत. कुठे डोकं वरच्या कडेला खेटलं असेल तर दोष चित्रकाराचा नव्हे.

गोविंदांचं काम मला सर्वांत अवघड वाटतं. हाताशी काडेपेटीएवढ्या चौकटी, आणि त्यांतून अख्ख्या गोष्टीचं एकच चित्र उभं करायचं, तेही दुकानात टांगलेलं लांबून दिसेल असं. त्यांचा उजेड कुठल्या बाजूने येतो ते प्रत्येक मुखपृष्ठावर शोधा. आपल्याकडे त्यांच्याविषयी फार कमी लिहिलं गेलं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

म्हापशेकर
सर, मॅकॉयना ‘साधा’ म्हणून पुढे जाऊ नका. वहीच्या मागच्या पानावर आम्ही पोरं जो वेताळ काढायचो तो त्यांचाच. रेघ कुठून निघाली, कुठे थांबली, सगळं स्वच्छ दिसतं. बॅरींची नक्कल करायला गेलं की शाईचे डागच पडायचे.

बोरू, फोंडा
रेघेपुरतं मान्य. पण रात्र काढावी ती मूर आणि बॅरींनीच. मॅकॉयच्या रात्रीत भीती वाटत नाही.

जुनं बाड, मडगाव
मी पुस्तकबांधणी करतो, म्हणून लॅमिनेशनबद्दल कळकळीने सांगतो: अजिबात नको. उष्णतेने आणि गोंदाने प्लास्टिक एकदा कागदाला बसलं की कागद न फाडता सुटत नाही. बल्कांवही नको. आतल्या स्वस्त कागदात लिग्निन नावाचं लाकडातलं द्रव्य असतं, ते उजेडाने पिवळं पडतं आणि कागद कुडकुडीत होतो. मुखपृष्ठाचे रंगही उन्हाने उडतात. त्यात आपला पावसाळा. मुखपृष्ठ स्कॅन करा, सहाशे डीपीआयला, आणि छापील प्रत फ्रेममध्ये घाला. मूळ अंक आडवे ठेवा, पीव्हीसीच्या नव्हे तर पॉलिप्रॉपिलीनच्या पिशवीत, पेटीत सिलिका जेल टाकून. गंजलेल्या पिना हळूच उघडून काढा. गंज कागद खातो. सेलोटेप लावू नका, डाग कायमचा राहतो. बुरशी दिसली तर तो अंक वेगळा काढा, वाऱ्यावर सुकवा, पण उन्हात नको.

साखळीचा भाचा
लॅमिनेशन रद्द! मामांनाही वाचून दाखवलं. अंगठ्याचा प्रयोग करून पाहिला. गुहेच्या दारात उभ्या वेताळाचा चेहरा झाकला तरी तो चिडलाय हे कळतं, कारण एक खांदा पुढे आलाय आणि मूठ अर्धी मिटलेली आहे. सर, मुखपृष्ठं स्कॅन झाली की इथे टाकतो. त्यांतली गोविंदांची कुठली ते सांगाल ना?