प्रतिसाद: एकजुटीचा कस मसुद्यावर लागतो

संघटना कितीही एकत्र आल्या तरी कायदा आमदारांच्या आकड्यावरच होतो, असं म्हटलं जातं. मला ते अर्धंच पटतं. जादूटोणाविरोधी कायद्यामागे कोणत्याच सत्ताधाऱ्यांची घाई नव्हती. मागणी नव्वदच्या दशकातली, कायदा २०१३ चा, आणि अध्यादेश निघाला तोही या कायद्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर चार दिवसांनी. ही लाज कुणाची ते तुम्हीच ठरवा.

पण मधल्या वर्षांत कार्यकर्ते नुसते मोर्चे काढत नव्हते. वारी, कीर्तन बंद होणार या धास्तीने काही वारकरी संघटना विरोधात होत्या. आज कायद्याचं कलम १२ उघडून बघा: प्रदक्षिणा, यात्रा, हरिकथा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना हा कायदा लागू नाही, असं नाव घेऊन लिहिलंय. अनुसूचीतली, म्हणजे कायद्याला जोडलेल्या यादीतली, गुन्हा ठरणारी कृत्यंही आधीच्या मसुद्यापेक्षा कमी झाली. काहींना ही माघार वाटते. मला नाही वाटत, कारण अघोरी प्रकारांना शिक्षा हा गाभा शाबूत राहिला.

सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याचं उदाहरणही घ्या. विधिमंडळात तो एप्रिल २०१६ मध्ये एकमताने मंजूर झाला, पण लागू व्हायला जुलै २०१७ उजाडला, कारण मधे राष्ट्रपतींची संमती मिळायची होती. नेमक्या अशा वेळी आघाड्या पांगतात. पेढे वाटून झाले की बैठकीला कोण येतो? म्हणून कायद्याची मागणी करणाऱ्या संघटनांच्या कुठल्याही नव्या आघाडीने मागणीपत्रावर सह्या करतानाच दोन गोष्टी ठरवाव्यात: कुठलं कलम सोडायचं नाही, आणि मंजुरीनंतर अंमलबजावणीच्या नियमांचा पाठपुरावा कोण करणार.